वीस शिलिंग, सिंह आणि गुजराती : ब्रिटिशकालीन आफ्रिकेच्या नोटा जमवणारं कोणी आहे का इथे?

खुर्दा

मंडळी,

नाण्यांवरचे धागे इथे पुष्कळ आहेत. शिवराई, होन, निजामाचे चारमिनारवाले रुपये, सगळ्यांवर भरभरून लिहिलं गेलंय. नोटांकडे मात्र फारसं कोणी फिरकत नाही, आणि आफ्रिकेच्या नोटांकडे तर नाहीच नाही. मी गेली आठ वर्षं त्याच नादात आहे. एकट्याने कंटाळा आला म्हणून हा धागा.

नाद लागला तो आत्याच्या घरी. तिचे यजमान (आम्ही काकाच म्हणायचो) मोंबासाला रेल्वेत कारकून होते, १९६३ साली बिऱ्हाड हलवून परत आले. काका गेल्यावर दादरची खोली आवरायला गेलो, तर लोखंडी पेटीत रेशनकार्डं, विम्याच्या पावत्या आणि एका जुन्या पंचांगात चेपून ठेवलेली नोट. सहावा जॉर्ज, 'ईस्ट आफ्रिकन करन्सी बोर्ड', तारीख १ जानेवारी १९५२, गाव नैरोबी. (राजा पुढच्याच महिन्यात, ६ फेब्रुवारीला वारला. नोटेवर बिचारा ठणठणीत आहे.) मागच्या बाजूला सिंह. आणि वीस शिलिंग ही किंमत तीन लिप्यांत : इंग्रजी, अरबी आणि चक्क गुजराती. आपल्याला गुजराती येत नसली तरी 'वीस' लगेच वाचता येतं, कारण शब्द तोच आहे.

केनियाच्या नोटेवर गुजराती का, हे शोधता शोधता मी पार १८९६ पर्यंत मागे गेलो. त्या साली मोंबासाहून युगांडा रेल्वेचं काम सुरू झालं आणि १९०१ च्या अखेरीला रूळ व्हिक्टोरिया सरोवराला टेकले. त्यासाठी हिंदुस्थानातून ३० हजारांहून जास्त मजूर नेले, बहुतेक पंजाबातले. त्यांचा पगार रुपयांत. पण रुपया त्यांच्याबरोबर गेला असं नाही, तो आधीच तिथे होता. झांझिबार आणि किनाऱ्यावरचा व्यापार कच्छी-गुजराती पेढ्यांच्या हातात असल्याने मुंबईचा रुपया त्या किनाऱ्याला मुरलेला. सरकारने फक्त त्याच्यावर शिक्का मारला. १९०५ साली 'ईस्ट आफ्रिका प्रोटेक्टोरेट'ने पहिल्या नोटा काढल्या त्या ५ पासून ५०० पर्यंत, सगळ्या रुपयांत. म्हणजे आजच्या केनियाची पहिली सरकारी कागदी नोट रुपयाची आहे. ती मी फक्त चित्रात पाहिली आहे आणि बहुधा चित्रातच पाहणार.

मग आला गोंधळाचा काळ, माझा सगळ्यात आवडता. पहिल्या महायुद्धापर्यंत १५ रुपये म्हणजे एक पौंड हा भाव घट्ट होता. युद्धात चांदी भडकली, तिच्याबरोबर रुपयाही चढला. केनियातल्या गोऱ्या मळेवाल्यांची कर्जं रुपयांत आणि कॉफी विकली जायची पौंडात. रुपया चढला की कर्ज बसल्या जागी वाढायचं. त्यांनी बोंब ठोकली. लंडनने १९२० साली भाव दोन शिलिंगांवर बांधला, म्हणजे पौंडाला दहा रुपये, आणि रुपयाच्या जागी 'फ्लोरिन' नावाचं नवंच चलन आणलं. ते दोन वर्षंही टिकलं नाही. १ जानेवारी १९२२ पासून शिलिंग.

गंमत पुढे आहे. भाव बांधून होतो न होतो तोच चांदी कोसळली आणि हिंदुस्थानात रुपया घसरला. इथे स्वस्त झालेला रुपया तिथे मात्र दोन शिलिंगांना खपत होता. मग काय, रुपये गलबतांत भरून निघाले आफ्रिकेला! शेवटी १९२१ मध्ये तिथल्या सरकारने हिंदुस्थानी रुपया घाईघाईने चलनातून बादच केला.

या दीड-दोन वर्षांतल्या १ मे १९२० तारखेच्या फ्लोरिनच्या नोटांवर पाचवा जॉर्ज आहे आणि एक फ्लोरिनच्या मागे पाणघोडा. संग्राहक तिच्यासाठी जीव टाकतात. माझ्याकडे एक आहे. चार घड्या, एक कोपरा उडालेला, मध्ये टाचणीचं भोक. तरी ती घेतली त्या महिन्यात घरात बाहेरचं खाणं बंद होतं.

नवीन कोणी सुरू करणार असेल तर माझं मत : 'ब्रिटिश आफ्रिका' असा सगळा पसारा मांडू नका. तो कोणालाच पुरा होत नाही. एक बोर्ड, एक राजा, एक किंमत धरा. मी फक्त पूर्व आफ्रिका, आणि त्यातही मुख्यतः ५ आणि २० शिलिंग. तारखा बदलतात, बोर्डाच्या सदस्यांच्या सह्या बदलतात, १९३३ पासून मोंबासाच्या जागी नैरोबी येतं, १९५३ पासून राजाच्या जागी राणी. १९६४ मध्ये शेवटची मालिका निघाली, तिच्यावर राणीही नाही, सरोवरातलं शिडाचं होडकं आहे. तोवर तिन्ही देश (केनिया, युगांडा, टांझानिया) स्वतंत्र झाले होते, छापायचा कोणाला? १९६६ मध्ये तिघांनी आपापल्या नोटा काढल्या आणि बोर्डाचा कारभार आटोपला.

आता माझा प्रश्न. आत्याच्या नोटेच्या मागच्या बाजूला, सिंहाच्या खाली, पेन्सिलीने काहीतरी गिचमिड लिहिलंय. फोटो खाली डकवतो. कोणाला लागतंय का बघा.

---

तिरकस

पहिला प्रतिसाद माझा. ती छापलेली लिपी गुजराती कशावरून? मला तर मोडी वाटतेय. काका मराठी, नोट मराठी माणसाच्या पेटीत, लिपी मोडी. खटला निकाली.

---

खुर्दा

तिरकसराव, बोर्डाची कचेरी लंडनला आणि छपाई इंग्लंडात. त्यांना मोडी कोण शिकवणार! मोडीत आधी कागदभर रेघ ओढतात आणि अक्षरं तिला लटकवतात. छापलेल्या अक्षरांवर रेघच नाही. ती गुजरातीच. पेन्सिलीच्या मजकुराबद्दल मात्र बोला.

---

नैरोबीकर

वा! धागा वाचनखुणांत टाकला.

इथे अठरा वर्षं आहे. गुजराती का, याचं उत्तर इथल्या बोलीतच आहे. स्वाहिलीत दुकान म्हणजे 'दुका'. पैसा म्हणजे 'पेसा'. मोबाईलवरून पैसे पाठवायची इथली एम-पेसा जगभर गाजली, त्यातला पेसा आपलाच पैसा. आडगावात रेल्वे पोचायच्या आधी एखादा पटेल नाहीतर शाह पत्र्याच्या खोलीत मीठ, कापड, केरोसीन मांडून बसलेला असायचा. नोट पहिल्यांदा त्याच्या गल्ल्यात जायची. तो घेईल तर ती नोट, नाहीतर कागद. मग त्याला वाचता आली पाहिजे, हे बोर्डाच्या साहेबांना बरोब्बर कळलं होतं.

आणि अरबी लिपीचं म्हणाल तर ती किनाऱ्याची. तिकडे तेव्हा स्वाहिलीही अरबी लिपीत लिहायचे.

---

खुर्दा

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. धन्यवाद.

---

साधना_जो

माहिती छान आहे, पण या सगळ्या लिखाणात एक माणूस दिसत नाही. ज्याच्या देशाची ती नोट आहे तो.

नोटेवर इंग्रजी साहेबासाठी, गुजराती दुकानदारासाठी, अरबी लिपी किनाऱ्यासाठी. आतल्या भागातल्या किकुयु, लुओ, कांबा माणसासाठी एक अक्षर नाही. त्याच्यासाठी फक्त सिंह. आणि ही नोट त्याच्या हातात आली कशी, तेही सांगा की. १९०१ पासून झोपडीपट्टी सुरू झाली (आपल्या मुंबईतली नव्हे; झोपडीवरची पट्टी, म्हणजे कर). पुढे पुढे तो धान्याने-गुरांनी नाही, रुपयांतच भरायचा. रुपया मिळवायचा तर मळ्यावर नाहीतर रेल्वेवर मजुरी करायची. मजूर मिळावेत म्हणूनच कर होता, हे तिथले मळेवाले उघड बोलायचे.

तुमच्या आवडत्या 'गोंधळाच्या काळा'त तो कर रुपयांतून शिलिंगांत मोजला जाऊन १६ शिलिंगांवर गेला आणि त्याच वेळी मळेवाल्यांनी मजुरी तिसऱ्या हिश्शाने कापली. त्याविरुद्ध हॅरी थुकू हा किकुयु पुढारी उभा राहिला. मार्च १९२२ मध्ये त्याला पकडलं, नैरोबीत जमलेल्या जमावावर गोळीबार झाला, माणसं मेली. तुमच्या पाणघोड्याच्या नोटेचा हाही इतिहास आहे.

---

तिरकस

आला, विषय आला! मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

खुर्दा

साधनाताई, खरं आहे. मळेवाल्यांच्या कर्जावर मी परिच्छेद लिहिला आणि करावर एक ओळ नाही. थुकूला नैरोबीतल्या मणिलाल देसाईंसारख्या हिंदी पुढाऱ्यांनी मदत केली होती हे वाचलं होतं, तेही लिहायचं राहिलं.

पण जमवणं म्हणजे गौरव करणं, असं म्हणत असाल तर मला ते पटत नाही. माझ्याकडे नोट आहे म्हणून तर मी १९२२ पर्यंत पोचलो. शाळेच्या पुस्तकातून पोचलो नसतो.

---

साधना_जो

गौरव करता असं म्हटलेलं नाही. 'स्वस्तात मिळाली', 'करकरीत आहे' याच्यापुढे जा, एवढंच. तुम्ही जाताय असं दिसतंय.

---

नवखा_२१

दादा माझ्याकडे अशी ५ शिलिंगची नोट आहे, पणजोबांची. बँकेत बदलून मिळेल का? किती रुपये येतील? एका ग्रुपवर सांगितलं की लाखात जाते.

---

खुर्दा

बदलून कुठेच मिळणार नाही. ज्या बोर्डाने ती काढली ते बोर्डच साठ वर्षांपूर्वी बंद पडलं. आणि लाखाबिखाचं विसरा. ५ शिलिंग भरपूर छापल्या गेल्या, वापरलेल्या नोटा आजही मिळतात. मी माझी पहिली आठशे रुपयांना घेतली होती, आणि तीही थोडी महागच पडली असं नंतर कळलं. 'आगाऊ फी भरा, मग नोट लाखात विकून देतो' असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या.

पणजोबा तिकडे कसे गेले होते?

---

नवखा_२१

गेले नव्हते, लढायला नेले होते. सातारकडचे आम्ही. मराठा लाइट इन्फंट्री. घरात 'केरेन' हा शब्द नेहमी ऐकलाय.

---

दर्यावर्दी

मग ती नोट नीट जपा राव. केरेन म्हणजे इरिट्रियातली १९४१ ची लढाई, इटालियनांविरुद्ध. मराठा लाइट इन्फंट्रीच्या युद्धसन्मानांत केरेनचं नाव आहे. इटालियनांकडून सोमालिया, इथिओपिया घेतल्यावर इंग्रजांनी तिकडे हेच पूर्व आफ्रिकेचे शिलिंग चालवले. नैरोबी लिहिलेली नोट साताऱ्याच्या जवानाच्या खिशात अशी आली असणार.

युद्धाच्या नोटांचा वेगळाच संसार आहे. १९४३ मध्ये बोर्डाने चक्क एक शिलिंगची नोट काढली, नाण्यांची चणचण म्हणून. 'ब्रिटिश मिलिटरी ऑथॉरिटी'च्या मुकुटावर उभ्या सिंहाच्या नोटा लिबियात चालल्या. त्रिपोलीकडे तर इंग्रजांनी लष्करी सत्तेच्या नावाने लिराच्या नोटा छापल्या. यातल्या लहान किमतीच्या अजून परवडतात. नवख्याने तिथून सुरुवात करावी.

अवांतर : एडन १९३२ पर्यंत मुंबई इलाख्यात होतं आणि तिथे रुपया चालायचा. १९५१ मध्ये तिथेही हाच पूर्व आफ्रिकेचा शिलिंग आला. म्हणजे खुर्दा यांच्या नोटेचा सिंह आफ्रिका सोडून अरबस्तानातही फिरून आला.

---

मडगांवकर

माझ्या आजीचे दोन भाऊ झांझिबारला होते. गोंयकारांची तिकडे सरकारी कचेऱ्यांत रांगच होती. कारकून, खजिनदार, टंकलेखक. आजी सांगायची, सुलतानाच्या नोटा निराळ्या. खरं का?

---

खुर्दा

अगदी खरं. झांझिबार सुलतानाचं, पण १८९० पासून ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली. त्यांच्या सरकारने १९०८ पासून स्वतःच्या रुपयांच्या नोटा काढल्या, अंगावर शिडाचं गलबत. केनियाने रुपया टाकल्यावरही झांझिबारने १९३६ पर्यंत तो धरून ठेवला. मग तेही बोर्डात गेले आणि जुन्या नोटा परत घेतल्या गेल्या. बाहेर राहिल्या त्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या नसल्या तरी माझ्यासारख्याच्या आवाक्यात नक्कीच नाहीत. आजीच्या भावांच्या पेटीत बघा हो एकदा. मी चेष्टा करत नाहीये.

---

मडगांवकर

पेटी वाळवीने खाल्ली. नोटांसकट की नोटांविना, ते देव जाणे.

---

कागदकिडा

वाळवीचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी रत्नागिरीत राहतो, चार महिने भिंतीला पाणी. इथे कागद जपणं म्हणजे लहान मूल जपणं.

पहिली गोष्ट, लॅमिनेशन. कोणीही, कधीही, कुठल्याही जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका. माझ्या सख्ख्या मामाने प्रेमापोटी एक पश्चिम आफ्रिकेची नोट लॅमिनेट करून मला वाढदिवसाला दिली. मी हसून घेतली. रात्री झोप नाही. ते प्लास्टिक आता कागदात विरघळलंय, सुटत नाही.

दुसरी, इस्त्री. घडी घालवण्यासाठी ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवणारे महाभाग बाजारात पुष्कळ आहेत. या नोटांची शाई कोरीव पट्ट्यांवरून दाबून छापलेली असते, बोटाला उठाव लागतो. इस्त्रीने तो उठाव चेपतो, कागदाची करकर जाते, नोट धुतलेल्या धोतरासारखी होते. जाणकार हातात घेताच ओळखतो आणि निम्मा भाव देतो. घडी राहू द्या.

तिसरी, पाकिटं. वास येणारी, मऊ, स्वस्तातली पीव्हीसीची पाकिटं दोन पावसाळ्यांत चिकट होतात आणि शाई ओढतात. पॉलिस्टरची कडक पाकिटं घ्या, महाग असतात पण एकदाच. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, आणि पाऊस सरला की नोटा बाहेर काढून सावलीत वारा. उन्हात नाही! डांबराच्या गोळ्या कपड्यांना ठीक, नोटांजवळ नको.

पंचांगात ठेवलेली नोट इतकी चांगली राहिली याचं मला नवल वाटतं. पंचांगाचा कागद आम्लाने पिवळा पडतो, तो डाग नोटेवर उतरतो. खुर्दा, तुमच्या नोटेच्या डाव्या कडेला जी तपकिरी पट्टी दिसतेय ती तीच. पुसायला जाऊ नका.

---

खुर्दा

जात होतो. खोडरबर हातात होता. थांबलो.

---

लेगोसवाला

पूर्व आफ्रिकेचंच कौतुक चाललंय, पश्चिमेलाही जरा पान वाढा. चार वर्षं लेगोसला होतो, तिथे एका म्हाताऱ्या शिंप्याकडून दोन नोटा घेतल्या.

तिकडचं बोर्ड जुनं, १९१२ चं. नायजेरिया, गोल्ड कोस्ट (आजचा घाना), सिएरा लिओन आणि गांबिया, चौघांत मिळून एक. नोटा १९१६ पासून. चिन्ह पामचं झाड, कारण राज्य पामतेलावर चाललेलं. इकडे गुजराती तसं तिकडे हौसा भाषा, अरबी वळणात. १९१८ मध्ये चांदीच्या टंचाईने एक शिलिंगचीही नोट काढली आणि लोकांनी ती नाकारली. दुकानात चांदीच्या शिलिंगाला एक भाव आणि कागदी शिलिंगाला कमी भाव! माणसं म्हणायची, चांदी जमिनीत पुरता येते, कागद पुरला तर मुंग्या खातात. इतकं साधं अर्थशास्त्र.

---

स्काऊटमास्तर

माझ्या नावावरून कळलंच असेल मी कशावर बोलणार. मॅफेकिंग!

शाळेत स्काऊटला होतात त्यांना बेडन-पॉवेल आठवत असेल. हा गृहस्थ १८९९-१९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंग गावात बोअरांच्या वेढ्यात २१७ दिवस अडकला होता. रोकड संपली. मग गावातच नोटा छापल्या, एक शिलिंगपासून एक पौंडापर्यंत. पौंडाचं चित्र साहेबाने स्वतः काढलं. ठसा कोरायला लाकूड कुठून आणायचं? क्रोके या खेळातली मोगरी उभी कापली आणि तिच्यावर कोरलं. ठसा काही मनासारखा उठला नाही, म्हणून तो दहा शिलिंगच्या नोटेला वापरला आणि पौंडासाठी दुसरं चित्र काढून फोटोच्या निळ्या छपाईने उतरवलं. घरांचे नकाशे निळ्या कागदावर यायचे ना, तसंच तंत्र.

वेढा उठल्यावर लोकांनी त्या नोटा परत करायच्या ऐवजी आठवण म्हणून ठेवल्या. सरकार खूश! परत न आलेली नोट म्हणजे न फेडलेलं कर्ज.

असलाच प्रकार खार्टुमला १८८४ मध्ये. गॉर्डन सेनापती वेढ्यात, पगाराला पैसा नाही, म्हणून पियास्तरच्या कागदी चिठ्ठ्या. काहींवर त्याची खरी सही, काहींवर प्रत काढायच्या यंत्राने उतरवलेली. खऱ्या सहीला भाव जास्त, आणि त्यामुळे खोट्या सह्याही जास्त.

---

तिरकस

साहेब उपाशी मेला तरी नोटेवर चित्र छान काढणार. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला पावतीवर सही धड येत नाही.

---

दर्यावर्दी

खोट्यावरून माझी जखम. दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून दक्षिण ऱ्होडेशियाची (आजचा झिंबाब्वे) दहा शिलिंग मागवली. फोटोत सुरेख, व्हिक्टोरिया धबधबा, हरीण, सगळं जागच्या जागी. घरी आली आणि अतिनील दिव्याखाली धरली, तर ट्यूबलाइटसारखी निळी पेटली. त्या काळच्या चिंध्यांच्या लगद्याच्या कागदात चमक आणणारी रसायनं नसत, तो दिव्याखाली मंद राहतो. आजचा कागद पेटतो. शिवाय उठाव नाही, भिंगातून पाहिलं तर रेघांऐवजी ठिपके. रंगीत प्रिंटर! पैसे परत मिळाले, पण टपालखर्च गेला आणि अब्रू गेली, कारण तोवर मी ती चार जणांना दाखवून मोकळा झालो होतो.

दिवा चारपाचशे रुपयांत मिळतो. नोटेआधी दिवा घ्या.

---

कागदकिडा

+१. फक्त एक, साबणाच्या पावडरीने धुतलेली अस्सल नोटही दिव्याखाली चमकते. म्हणजे चमकली तर खोटी असेलच असं नाही, पण घेऊ तर नकाच.

---

जर्मनबेकरी

रुपया जर्मनांकडेही होता हे कोणी लिहिलं नाही अजून! शेजारच्या जर्मन पूर्व आफ्रिकेत (मुख्यतः आजचा टांझानिया) चलन 'रुपी', १५ रुपी म्हणजे २० मार्क. महायुद्धात इंग्रजांनी समुद्र अडवला, बर्लिनहून नोटा येईनात. मग १९१५-१६ मध्ये तिथेच मिळेल त्या कागदावर हजारोंनी 'तात्पुरत्या' नोटा छापल्या. एक रुपीची आजही स्वस्तात मिळते. ब्रिटिश नाही, म्हणून धाग्याबाहेर, पण खुर्दा यांच्या १९०५ च्या न मिळणाऱ्या नोटेच्या शेजारी लावायला छान.

---

पोर्टलुईस_रिटर्न

देवनागरी हवी असेल तर मॉरिशस. भूगोलाने आफ्रिकाच. तिथे १८७० च्या दशकापासून आजतागायत रुपया चालू आहे, आणि आजच्या नोटेवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि देवनागरीत किंमत छापतात. १९९८ मध्ये नव्या नोटांवर देवनागरी वर आणि तमिळ खाली गेली, तर केवढा गहजब! तमिळ समाज रस्त्यावर आला, नोटा मागे घेऊन क्रम बदलून पुन्हा छापाव्या लागल्या. तिथल्या मराठी मंडळींच्या घरी जेवताना हा किस्सा ऐकला, रत्नागिरी-साताऱ्याकडून गेलेल्यांची पाचवी पिढी. साधनाताईंचा मुद्दा तिथे प्रत्यक्ष दिसतो, नोटेवर कोणाची लिपी आणि कितव्या ओळीत.

---

बोरूबहाद्दर

उशिरा आलो. धागा लांबला, पण मूळ प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही की! पेन्सिलीचा मजकूर.

फोटो मोठा करून पाहिला. तिरकसराव, अर्धे गुण तुम्हाला. छापलेलं गुजराती, पण पेन्सिलीचं अक्षर मोडीच आहे. काकांची पिढी शाळेत मोडी गिरवलेली असणार. एका रेघेखाली दोनच शब्द आहेत, शेवटचं अक्षर घडीत अडकलंय. पहिला शब्द 'मोडूं', दुसरा 'नये'.

मोडूं नये. मोडीत.

---

तिरकस

दंडवत! अर्धे नाही, पाऊण गुण पाहिजेत.

---

नैरोबीकर

अंगावर काटा आला. कशासाठी ठेवली असेल?

---

खुर्दा

आज दुपारी आत्याकडे जाऊन आलो. ब्याण्णव वर्षांची आहे, कान गेलेत, डोळे ठीक. नोट हातात दिली. मागची बाजू न बघताच म्हणाली, "ही तारेची."

काका दर महिन्याला पगार आला की सगळा हिशेब लावायचे. भाडं, वाणी, घरी पाठवायचे पैसे. पण ही एक नोट कायम बाजूला. गावाकडे त्यांची आई एकटी. काही बरंवाईट झालं आणि तार आली तर उलट तार करायला आणि धावपळीला हातात पैसा हवा. महिनाअखेरीला खिसा रिकामा असायचा, आणि आत्याला उगाच मोह नको म्हणून तिच्यावर लिहून ठेवलेलं. मी विचारलं, तुला मोडी येत होती का? म्हणाली, "नाही. पण काय लिहिलंय ते त्यांनी वाचून दाखवलं होतं. दर महिन्याला."

"मग तार आली?"

"आम्ही परत आलो तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या."

मग म्हणाली, चहा घेऊन जा.

---

कागदकिडा

खुर्दा, पत्ता खासगी निरोपातून कळवा. पॉलिस्टरचं एक पाकीट पाठवतो, तुमच्या नोटेच्या मापाचं. आणि तो खोडरबर फेकून द्या.